फिर्यादीनेच लिहिलेला पंचनामा : शस्त्रसंधीभंगाची सरकारी बातमी हाताळताना

परदेशाच्या पानावर नव्याने बसणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात मुद्दाम एकाच जातीची बातमी देते. 'सशस्त्र गटांनी गेल्या २४ तासांत इतक्या वेळा शस्त्रसंधी मोडली, असं सरकारचं निवेदन.' दिसायला चार ओळी. वृत्तसंस्थेकडून संध्याकाळी साडेसहाला येते, सातच्या आत लावून मोकळं होता येतं आणि महापेहून शेअर रिक्षा पकडून कोपरखैरण्याला ठाणे लोकलही गाठता येते. म्हणूनच ती देते. चार ओळी आणि घरी जायची घाई एकत्र आली की माणूस कुठे घसरतो ते लगेच दिसतं.

मी स्वतः घसरले होते. पहिल्या वर्षी, तेव्हा ज्या दैनिकात होते तिथे, अशाच एका निवेदनावर मी ठणठणीत मथळा दिला : बंडखोरांनी इतक्या वेळा शस्त्रसंधी मोडली. आकडा आता आठवत नाही, दोन अंकी होता. दुसऱ्या दिवशी डेस्कवर फोन आला. नौपाड्यातले एक निवृत्त गृहस्थ, आवाज अगदी शांत. ''बाई, तुम्ही मोजलंत का?'' मी म्हटलं, ''सरकारनं सांगितलंय काका.'' ''मग तसं लिहा ना,'' म्हणाले आणि फोन ठेवला.

यादवीत सरकार हा भांडणातला एक पक्ष असतो. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात हिशेबाची वही. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पार्किंगवरून दोन विंगांत समझोता होतो, सेक्रेटरी असतो ए विंगचा आणि महिनाभराने नोटीस बोर्डावर कागद लागतो : बी विंगने ठराव अकरा वेळा मोडला. अकरा हा आकडा खोटा असेलच असं नाही. ए विंगचा आकडा मात्र त्या कागदावर कधीच सापडत नाही. फिर्यादीच पंचनामा लिहायला बसल्यावर दुसरं काय होणार?

तर ही बातमी हातात आली की काय करायचं, ते ज्या क्रमाने मी करते त्या क्रमाने सांगते.

आधी करार शोधा

निवेदन बाजूला ठेवा आणि मोडलं म्हणतात ते नेमकं काय होतं ते बघा. आपल्याकडे शस्त्रसंधी म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे जम्मू-काश्मीरची ताबारेषा येते, म्हणजे नोव्हेंबर २००३ ची आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी पुन्हा मान्य केलेली. ती दोन देशांमधली गोष्ट. देशांतर्गत संघर्षात एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला गट असतो आणि मधल्या कागदाचे अनेक प्रकार असतात. दोघांच्या सह्यांचा करार असतो, एकाच बाजूने जाहीर केलेली स्थगिती असते आणि कधीकधी नुसती घोषणा असते.

वाजपेयी सरकारने नोव्हेंबर २००० मध्ये रमजानसाठी काश्मीरमध्ये मोहिमा थांबवल्या आणि ती मुदत मे २००१ पर्यंत वाढवत नेली. तो सरकारचा एकतर्फी निर्णय होता. ज्या गटाने कशावरही सही केलेली नाही, त्याने हल्ला केला तर तो हल्ला आहे, गुन्हा आहे, पण 'कराराचा भंग' नाही. कोलंबियाचं उदाहरण याहून मजेदार आहे. ३१ डिसेंबर २०२२ च्या रात्री अध्यक्ष पेत्रो यांनी ईएलएन या डाव्या गनिमी संघटनेसह पाच सशस्त्र गटांशी शस्त्रसंधी झाल्याचं जाहीर केलं. ३ जानेवारीला ईएलएनने सांगितलं की असं काही ठरलेलंच नाही, आणि सरकारला त्या गटापुरता आपला आदेश स्थगित करावा लागला. त्या तीन दिवसांत कुणी 'ईएलएनकडून शस्त्रसंधीभंग' असा मथळा दिला असता तर काय मोडलं म्हणायचं? या गटाशी खरीखुरी द्विपक्षीय शस्त्रसंधी सुरू झाली ती ३ ऑगस्ट २०२३ ला.

करार मोठे नसतात, वाचायला घाबरू नका. श्रीलंका सरकार आणि एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना यांचा फेब्रुवारी २००२ चा करार चार कलमांचा आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरला बसलात तर कोपरखैरणं येईपर्यंत संपतो, खिडकी मिळाली नाही तरी.

त्यात कोण आहे, आणि कोण अजून आहे

सीरियात २७ फेब्रुवारी २०१६ ला लढाई थांबवण्याचं ठरलं. सुरक्षा परिषदेने आदल्या दिवशी ठराव क्रमांक २२६८ करून त्याला पाठिंबा दिला. पण आयसिस आणि अल-कायदाशी जोडलेला नुसरा फ्रंट यांना त्यातून बाहेर ठेवलं होतं. म्हणजे त्यांच्यावर हल्ला केला तर भंग नाही आणि त्यांनी केला तरी नाही. मग सगळ्या वादाचं मूळ एका प्रश्नात येऊन बसलं : अमुक गावात गोळे पडले, ते गाव नुसराचं की करारात असलेल्या गटाचं? काही ठिकाणी दोघेही एकाच भागात होते. सरकारी निवेदनात 'दहशतवादी' असा एकच शब्द आला की हा फरक पुसला जातो. तुमच्या कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, तो पुसला जाऊ देऊ नका. निवेदनात गटाचं नाव नसेल तर 'गटाचं नाव दिलेलं नाही' असं सरळ लिहा.

तारखेचंही तसंच. नागालँडमधल्या एनएससीएन या नागा बंडखोर संघटनेचा खापलांग गट २००१ पासून शस्त्रसंधीत होता, मार्च २०१५ मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी ४ जूनला मणिपूरच्या चंदेलमध्ये लष्कराच्या ताफ्यावर हल्ला होऊन १८ जवान मारले गेले. त्याला शस्त्रसंधीचा भंग म्हणता येत नाही, कारण शस्त्रसंधी दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. एनएससीएनच्या आयझॅक-मुइवा गटाची शस्त्रसंधी वेगळी, ती १९९७ पासूनची. दोन गटांची नावं सारखी असल्यामुळे डेस्कवर गफलत होते, आणि ही गफलत साधी नाही : करार पाळणाऱ्याच्या नावावर करार मोडल्याचं खापर फुटतं.

'एक उल्लंघन' म्हणजे किती?

इथे थांबा, चहा सांगा. सगळी मेख इथेच आहे.

शस्त्रसंधीभंग म्हटलं की आपण गोळीबार गृहीत धरतो. मणिपूरमध्ये २००८ मध्ये केंद्र, राज्य आणि कुकी गटांच्या संघटनांमध्ये 'मोहिमा स्थगिती' करार झाला. त्यात गटांचे लोक ठरलेल्या छावण्यांत राहणार आणि शस्त्रं छावणीतल्या खोलीत दुहेरी कुलपात, एक किल्ली गटाकडे आणि दुसरी सुरक्षा दलांकडे. आता तपासणीला गेल्यावर हजेरीपटावरचा माणूस छावणीत नसेल किंवा खोलीतलं एक हत्यार कमी भरलं, तर तोही नियमभंग. एक गोळी सुटलेली नाही. नागालँडमधल्या शस्त्रसंधीच्या नियमावलीत तर खंडणी आणि गणवेशात हत्यारांसह फिरणंही येतं.

श्रीलंकेत याच मुद्द्यावर भल्याभल्यांनी ठेच खाल्ली. करारावर देखरेख करायला नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क आणि आइसलंड या पाच देशांचं निरीक्षक मंडळ होतं. लोक तक्रार घेऊन यायचे, मंडळाचे लोक चौकशी करायचे आणि भंग झाला की नाही ते ठरवायचे. एप्रिल २००७ पर्यंत त्यांनी एलटीटीईच्या नावावर ३८३० आणि सरकारच्या नावावर ३५१ उल्लंघनं नोंदवली. हे आकडे नुसते वाचले तर वाटतं, एका बाजूने चार हजार वेळा गोळ्या झाडल्या. प्रत्यक्षात एलटीटीईच्या खात्यातला सगळ्यात मोठा वाटा लहान मुलांच्या भरतीचा होता. करारातच छळ, अपहरण, खंडणी, धमकावणं हे सगळं निषिद्ध धरलेलं होतं, म्हणून शाळेतून उचलून नेलेलं एक मूल म्हणजे एक उल्लंघन. आता उलटं बघा : सरकारी विमानांनी दिवसभर बॉम्ब टाकले तर ते किती? मोजणाऱ्याच्या पद्धतीवर अवलंबून. एक मूल आणि एक दिवसाची बॉम्बफेक एकाच रकान्यात येऊन बसतात. म्हणून 'अमुक बाजूने दसपट करार मोडला' हे वाक्य आकड्याला धरून असूनही वाचकाला फसवतं. मुलांची भरती हा किरकोळ गुन्हा आहे असं मी म्हणत नाहीये. उलट ती 'उल्लंघन' या कोरड्या शब्दाखाली दडून राहते, हे मला जास्त खटकतं. प्रकार लिहिलात तर दोन्ही गोष्टी सुटतात.

मोजणी चोख कशी असते ते बघायचं तर युक्रेनच्या पूर्व भागात २०१४ ते २०२२ मध्ये ओएससीई या युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेच्या निरीक्षकांनी दिलेले दैनिक तक्ते बघा. निरीक्षक कुठे उभा होता, स्फोट कुठून किती अंतरावर झाला, डोळ्यांनी पाहिला, कानांनी ऐकला की कॅमेऱ्याने टिपला, किती वेळा, कुठल्या हत्याराचा, किती वाजता. 'ऐकला' आणि 'पाहिला' यांना वेगळा रकाना! मी नव्या मुलांना तो तक्ता एकदा तरी उघडून बघायला लावते. मग सरकारी निवेदन त्याच्या शेजारी ठेवायचं आणि कुठले रकाने रिकामे राहतात ते बघायचं. बहुतेक सगळेच राहतात.

मोजलं कुणी

सरकारने एकट्याने मोजलं, दोन्ही बाजूंच्या संयुक्त समितीने, की तिसऱ्याने? एवढं एक वाक्य तुमच्या कॉपीत असलंच पाहिजे, मग जागा कितीही कमी असो. सीरियातच २०१७ मध्ये रशिया-तुर्कस्तान संयुक्त आयोग होता. रशियाच्या संरक्षण खात्याच्या दैनिक पत्रकात रशियन बाजूने नोंदवलेल्या घटना वेगळ्या आणि तुर्की बाजूने नोंदवलेल्या वेगळ्या यायच्या. दिवस तोच, देश तोच, आयोगही एकच, आणि आकडे दोन. अशा वेळी सरासरी काढायची नसते, आणि मोठा आकडा मथळ्यात घालायचा तर मुळीच नसतो. दोन्ही द्यायचे, कुणाचा कुठला ते सांगून.

तिसरा पंच कायम टिकेल असंही नाही. युरोपीय संघाने २००६ मध्ये एलटीटीईला दहशतवादी यादीत टाकल्यावर एलटीटीईने संघाच्या सदस्य देशांचे निरीक्षक नकोत म्हणून हट्ट धरला आणि स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड बाहेर पडले. उरले नॉर्वे आणि आइसलंड. मोजणारे कमी झाले की नोंदी कमी होतात, हिंसा नाही. त्या वर्षी श्रीलंकेत लढाई वाढत चालली होती.

आणि सरकार मोजतं कशाला, हेही मनात असू द्या. १९०७ च्या हेग नियमांपासून एक तत्त्व चालत आलंय : एका बाजूने गंभीर भंग केला तर दुसऱ्या बाजूला करार मोडीत काढायचा हक्क मिळतो. ते नियम देशादेशांतल्या युद्धाचे, पण यादवीतली सरकारंही हिशेब त्याच चालीने मांडतात. रोजची पत्रकं साठत जातात आणि एक दिवस त्यांचा दाखला देऊन बाहेर पडता येतं. श्रीलंका सरकारने जानेवारी २००८ मध्ये चौदा दिवसांची नोटीस देऊन करार संपवला. १६ जानेवारीनंतर त्या देशात युद्ध होतं आणि भंग शून्य होते, कारण मोडायला काही उरलंच नव्हतं.

दुसरी बाजू

गटाचं म्हणणं शोधा. मिळालं नाही तर तसं लिहा, पण शोधल्यावरच. आणि स्थानिक मानवाधिकार संस्थांची नोंद बघा, ती उशिरा येते पण येते. नेपाळमध्ये २००३ च्या शस्त्रसंधीत १७ ऑगस्टला रामेछाप जिल्ह्यातल्या दोरंबा गावी १९ जण मारले गेले. लष्कराने ती चकमक सांगितली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या पथकाने चौकशी केली तेव्हा निघालं की माणसं ताब्यात घेतल्यानंतर मारलेली होती. दहा दिवसांत माओवाद्यांनी शस्त्रसंधी संपल्याचं जाहीर केलं. पहिल्या दिवशी 'चकमक' असं अवतरणचिन्हाविना छापणाऱ्यांकडे दुरुस्तीला जागा राहिली नव्हती.

फिलिपिन्समध्ये जानेवारी २०१५ मध्ये मामासापानो इथे पोलिसांच्या विशेष दलाचे ४४ जण मारले गेले. हल्ला करणाऱ्यांत एमआयएलएफ या मोरो मुस्लिम बंडखोर गटाचेही लोक होते, आणि त्या गटाशी सरकारची शस्त्रसंधी होती. पण पोलीस त्या गटाच्या भागात आधी ठरल्याप्रमाणे न कळवता शिरले होते. भंग कुणाचा? यावर त्या देशात महिनोन्महिने चर्चा झाली. तुम्हाला साडेसहा ते सातमध्ये निकाल द्यायचा नाहीये.

आता लिहा

सरावासाठी मी स्वतः रचलेलं एक निवेदन देते, कुठल्याही देशाचं नाही :

'दहशतवादी टोळ्यांनी गेल्या २४ तासांत ७ वेळा शस्त्रसंधीचा भंग केला. निवासी वस्तीवर उखळी तोफांचा मारा करण्यात आला. आमच्या दलांनी संयम राखून चोख प्रत्युत्तर दिले. शत्रूची मोठी हानी झाली.'

पहिल्या दिवशी मुलं हे जवळपास जसंच्या तसं लावतात. वर 'यमसदनी धाडले', 'कंठस्नान घातले', 'खात्मा' अशी आपली घरची भर घालतात, जी सरकारनेही घातलेली नसते. ते आधी काढा. मग ओळ ओळ बघा. भंग सात, वर्णन एकाचंच. वस्तीचं नाव नाही, जखमी किती ते नाही. आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा : 'चोख प्रत्युत्तर' म्हणजे सरकारी दलांनीही मारा केला, हे सरकार स्वतःच सांगतंय. ही त्या निवेदनातली सगळ्यात भक्कम माहिती, कारण ती सांगणाऱ्याच्या सोयीची नाही.

'सशस्त्र गटांनी गेल्या २४ तासांत ७ वेळा शस्त्रसंधीचा भंग केल्याचा आरोप सरकारने बुधवारी केला. एका निवासी वस्तीवर उखळी तोफांचे गोळे पडल्याचे सरकारी निवेदनात म्हटले आहे. वस्तीचे नाव किंवा जखमींची संख्या दिलेली नाही. उर्वरित सहा घटनांचा तपशीलही नाही. आपल्या दलांनी प्रत्युत्तरादाखल मारा केल्याचे सरकारने सांगितले. या दाव्यांना स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही.'

मजकूर वाढला आणि जोर कमी झाला, अशी तक्रार दरवेळी येते. झाला, खरं आहे. जोर निवेदनाचा होता.

क्रियापदांचं एवढं जपा : 'म्हटले आहे', 'सांगितले' ही साधी. 'दावा केला' म्हणजे तपासलेलं नाही. 'आरोप' म्हणजे दुसऱ्यावर बोट. 'स्पष्ट केले' आणि 'उघड केले' ही दोन वापरू नका, त्यांत आपण मान डोलावलेली असते. हाच काटा गटाच्या निवेदनालाही लावायचा. गटाचा 'दावा' आणि सरकारची 'माहिती' असं वाटप अनेक वर्षं चालत आलंय, ते बंद करा.

किरकोळ दोन गोष्टी. मथळ्यात 'युद्धबंदी' टाळा. मराठीत तो लढाई थांबवण्यालाही म्हणतात आणि पकडलेल्या सैनिकालाही, त्यामुळे 'युद्धबंदी संपली' आणि 'युद्धबंदी सुटले' शेजारीशेजारी आले की पानाची शोभा होते. शस्त्रसंधी किंवा युद्धविराम, यांतला एक धरा आणि बातमीभर तोच ठेवा. दुसरं, 'गेल्या २४ तासांत' हे कुणाचे २४ तास ते बघा. बोगोटा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तिथल्या संध्याकाळची घटना आपल्याकडे दुसऱ्या दिवसावर जाते आणि मग एकच हल्ला दोन दिवसांच्या बातम्यांत दोनदा मोजला जातो.

शेवटचं काम घरी जाण्याआधीचं. एक वही किंवा साधी एक्सेलची फाइल करा : तारीख, निवेदन कुणाचं, आकडा, मोजलं कुणी, कुठल्या गावाचं नाव आलं, नंतर काय निघालं. शेवटचा रकाना महिनोन्महिने रिकामा राहतो. माझ्या फाइलमधल्या काही ओळींपुढे तो तीन वर्षांनी भरला गेलाय, आणि तेव्हा मी जुन्या बातमीखाली दुरुस्ती लावलीय. त्या नौपाड्यातल्या काकांचा पुन्हा फोन आला नाही. पण मथळा देताना अजूनही मी एकदा मोजते की निवेदनात गावांची नावं किती आहेत.